वीट वाजवणाऱ्या काकू

कुणाच्याही घरी गेलं की काकू आधी भिंत वाजवून बघायच्या. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताची बोटं भिंतीवर. टक, टक. मग कान लावायच्या आणि निकाल थेट घरमालकाच्या तोंडावर सांगायच्या. पुनावळ्यात, ताथवड्यात नव्या सोसायट्या उभ्या राहिल्यापासून हा निकाल सहसा वाईटच लागायचा. आमच्या कंपनीतल्या एका मॅनेजरच्या वास्तुशांतीला मी त्यांना सोबत नेलं होतं. तो बिचारा हौसेनं मॉड्युलर किचन दाखवत होता, बाल्कनीतून हायवे कसा दिसतो ते सांगत होता. काकूंनी बेडरूमची भिंत वाजवली आणि म्हणाल्या, "ही वीट न्हाई बाबा, बिस्कीट हाय. चहात बुडव."

मॅनेजर हसला. त्याची बायको हसली नाही. पुढच्या वर्षी माझं प्रमोशन हुकलं, त्याला हेच कारण असावं असं मी अजूनही मानते.

काकू माझ्या घरमालकीण. पुनावळ्यातलं जुनं शेतकरी घराणं. शेतात ऊस-ज्वारी होती तिथं आता इमारती आहेत, आणि त्यातली एक काकूंची. खाली त्या, त्यांचा मुलगा (सगळे त्याला दादा म्हणत) आणि सून; वर आम्ही भाडेकरू, बहुतेक चाकणच्या नाहीतर हिंजवडीच्या कंपन्यांतले. मी केजच्या बाजूची, बीड जिल्ह्यातली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला लागले आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले. एकट्या मुलीला खोली देताना लोक जे विचारतात, त्यातलं काकूंनी काही विचारलं नाही. "काम काय करती?" एवढंच विचारलं.

"पार्ट तपासते. पास की रिजेक्ट ते बघते."

काकूंच्या पायरीवर चार-पाच जुन्या विटा कायम मांडलेल्या असायच्या. त्यांनी दोन उचलल्या, एकमेकींवर आपटल्या. खणखणीत आवाज आला. मग तिसरी घेऊन आपटली. तो आवाज भद्द.

"आता सांग, रिजेक्ट कोणती?"

"शेवटची. कच्ची राहिलीय."

"ये राहायला," काकू म्हणाल्या. सामान कधी आणणार, हेसुद्धा विचारलं नाही.

ठेंगण्या, काटक बाई. सुती साडी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज, कपाळावर, कुंकू सुटल्यावर उघडी पडलेली एक गोंदणाची हिरवी टिकली. नवरा गेल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या. एक पांढरी जीप होती, ती त्या फक्त दुसऱ्या गिअरमध्ये चालवत. "तिसरा पोरांसाठी असतो," म्हणायच्या. सर्व्हिस रोडला मागं कितीही हॉर्न वाजले तरी काकू ढळायच्या नाहीत. एखादा मोटरसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ मावशी, साइड द्या ना राव!" तर त्या काच खाली करून शांतपणे विचारत, "कंच्या कंपनीत हाय? लेट मार्क लागतो का?" पोरगं गोंधळून उत्तर देईपर्यंत सिग्नल पडलेला असे.

रविवारी सकाळी ही जीप एकाच ठिकाणी जायची: वीटभट्टीवर.

गावाच्या कडेला, पवनेच्या बाजूला, काकूंच्या सासऱ्यांनी विटांचा कारखाना काढला होता. साधी रचून पेटवतात तसली भट्टी नव्हे. उंच चिमणी, आणि तिच्याभोवती लांबलचक, अंड्याच्या आकाराचा बोगदा, त्याला रांगेनं कमानी. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चिमणीच्या शेंड्यावर पिंपळ उगवला होता आणि कमानींतून घाणेरीची झुडपं बाहेर आली होती. माती काढून काढून पलीकडे मोठा खड्डा झाला होता, त्यात पाणी, पाण्यात म्हशी, म्हशींवर बगळे. आणि या सगळ्याच्या मागं तिन्ही बाजूंनी पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर. ते बघून मला वाटलं, काकू एवढ्या मोक्याच्या जागेवर म्हशी का बसवून ठेवतात?

हाच प्रश्न साऱ्या गावाला पडला होता. काकू मात्र रोज नवीन कारण द्यायच्या. कधी म्हणायच्या चिमणीवर घार बसते, तिची पिल्लं उडू देत. कधी म्हणायच्या यंदा ग्रह बरे नाहीत. भाव चढायची वाट बघतेय म्हातारी, असं लोक बोलायचे. काकूंच्या कानावर ते जायचंच. त्या काही खुलासा करायच्या नाहीत.

भट्टीवर गेल्या की मात्र त्या गाइड व्हायच्या. एका रविवारी तिथं एक प्री-वेडिंग शूट चालू होतं. मुलगी पांढऱ्या लांब घोळाच्या झग्यात, मुलगा कोटात, फोटोवाला उकिडवा बसून दोघांना कमानीत जायला सांगतोय. मला वाटलं काकू हाकलून देतील. त्या तरातरा गेल्या आणि मुलीचा झगा दोन्ही हातांनी उचलून धरला.

"आत राख हाय. काळा व्हईल. आन् अशी लांब उभी ऱ्हाऊन कशाला फोटो काढती? लगीन ठरलंय ना? धर त्याचा हात."

मग तिघांना उन्हात उभं करून त्यांनी विटांचा सगळा इतिहास ऐकवला. नदीकाठची माती रात्रभर भिजत घालायची. तिच्यात भाताचं तूस आणि राख मिसळून तुडवायची. साच्यात थापायची, उन्हात रांगा लावून वाळवायची. मग कच्च्या विटा या बोगद्यात रचायच्या. "आन् आग चालत जायची. विटा जागेवर, आग फिरायची. पुढच्या विटा भाजत्यात तवर मागच्या गार व्हायच्या, त्या काढायच्या, तिथं कच्च्या भरायच्या. दिवाळीला पेटलेली आग पावसाळ्यापातूर इझायची न्हाई. वर माणसं चालायची, भोकातनं कोळसा टाकीत."

"वर? आगीच्या वर?" मुलीनं विचारलं.

"पायात लाकडाच्या खडावा. न्हाईतर पाय भाजायचा की."

मुलगा म्हणाला, "कमाल आहे, आज्जी. तुम्ही पाहिलंय हे?"

"मी कशाला बघू? मी मालकीण. घरात असायची," काकू म्हणाल्या, आणि झगा सोडून पुढं निघाल्या.

विटा थापणारी माणसं बाहेरून यायची, दसरा झाला की, बायकापोरांसह. पावसाच्या आधी परत जायची. काकू त्यांच्याविषयी बोलू लागल्या की एका मुलीची गोष्ट हमखास निघायची. तिला नाव नसायचं. "एक पोरगी होती." ही पोरगी आईबापाबरोबर विटा थापायची. एकदा तिनं सकाळपासून थापलेल्या ओल्या विटांच्या रांगेवरून मालकाच्या मुलानं सायकल घातली. मुद्दाम नव्हे, तो वर चिमणीकडे बघत होता. पोरीनं चिखलाचा गोळा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. नेम बरोबर लागला. साऱ्या भट्टीवर हात थांबले. मालकाचा मुलगा खाली उतरला, तोंड पुसलं, साचा मागून घेतला आणि मोडलेल्या विटा स्वतः थापायला बसला. "एक धड आली न्हाई. सगळ्या वाकड्या. पोरीनं त्या पुन्ना तुडवल्या, तर म्हनला, मी उद्या येतो. उद्या आला. परवा आला."

"मग?"

"मग काय. येत ऱ्हायला," असं म्हणून काकू जीपकडे वळायच्या. गोष्ट नेहमी इथंच थांबायची.

इथं मला माझंही थोडं सांगायला हवं. कंपनीत लागल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये मी उभी राहून म्हणाले होते, "सर, सकाळपासून पार्ट रिजेक्ट होऊ लालेत." आमच्याकडे "होऊ लागले आहेत" याला असंच म्हणतात. सगळा हॉल हसला. आठवडाभर कँटीनमध्ये "चहा येऊ लालाय", "बस सुटू लालीय" चालू होतं. एकानं व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावच "लालाय" ठेवलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण मी त्या दिवसापासून ते बोलणं गिळून टाकलं. फोनवर आईशीसुद्धा खोलीचं दार लावून बोलायचे.

तर एका रविवारी आम्ही बोगद्यात शिरलो. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत विहिरीसारखा गारवा. भिंती काचेसारख्या तुकतुकीत झालेल्या, आगीनं. काकू पुढं, मी मागं मोबाइलचा टॉर्च धरून. एका कमानीशी मी वाकून भिंतीला हात लावला, आणि काकू एकदम ओरडल्या,

"मागं सर! साप येऊ लालाय!"

मी जागच्या जागी उडी मारली. "कुठंय? मला दिसंना गेलाय!"

"पायाखाली बघ की! कामून वर बघू लालीस?"

लांब पिवळसर धामण होती. आम्हा दोघींच्या आरडाओरड्याला कंटाळून ती सावकाश विटांच्या ढिगात निघून गेली. आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. सापाचं कुणालाच काही राहिलं नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही कुठल्या?"

काकू खाली बसल्या, राखेतच, साडीची पर्वा न करता. आधी हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "धारूरच्या खालचं गाव, तुझ्या केजच्या शेजारी," म्हणाल्या. "ती पोरगी मीच गं."

मग उरलेली गोष्ट त्यांनी सांगितली. मालकाच्या मुलानं घरी सांगितलं, हिच्याशीच लग्न करणार, नाहीतर यंदा भट्टी बंद झाली की मजुरांच्याच ट्रकमध्ये बसून त्यांच्या गावाला जाणार. सासऱ्यांनी खूप आदळआपट केली आणि शेवटी एका अटीवर मान्य केलं: ही भट्टीवरची, हे कुणाला कळता कामा नये. शिरूरकडच्या एका लांबच्या नातेवाइकांनी ही आमची भाची म्हणून कन्यादान केलं. आईबापानं पुन्हा या भागात यायचं नाही असं ठरलं. ते आले नाहीत. दुसऱ्या भट्ट्यांवर जात राहिले.

"आई गेली ते मला मुकादमानं सांगितलं. त्याला वाटलं, मालकीणबाईला काय, कुणाची बाई मेली कुणाची न्हाई. मी म्हणाले, अरेरे. आन् घरात जाऊन भाकरी थापल्या." काकूंनी बाजूची भिंत तळव्यानं पुसली. "बाकीच्या बायका माहेरी जात्यात. म्या इथं येती. ही मागची भिंत आमच्या खोपटाला लागून व्हती. हे इकून टाकू म्हणत्यात."

"दादांना सांगा ना."

"त्याच्या बापाला शब्द दिलाय."

त्यानंतर आमचा एक नवीनच उद्योग सुरू झाला. मी शिफ्ट करून बसमधून उतरले की काकू पायरीवर वाट बघत असायच्या. "बस. बोल उलीसं," म्हणायच्या, म्हणजे थोडंसं. काय बोलायचं याला महत्त्व नव्हतं. माझ्या सुपरवायझरच्या चहाड्यासुद्धा चालायच्या, फक्त आमच्या बोलीत हव्यात. काही शब्द त्या विसरल्या होत्या. येसर म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला गावाहून मसाला मागवायला लावला. दार लावून बोलायची माझी सवय त्या पायरीवरच सुटली. सून आतून बघायची. सासूबाईंना या भाडेकरूचा एवढा लळा का, हे काही तिला कळत नव्हतं.

दिवाळीनंतर प्रकरण निकराला आलं. दादा तसा भला माणूस. गळ्यात जाड साखळी, डोक्यावर गॉगल, आईपुढे मात्र शाळकरी. त्यानं एक बिल्डर पक्का केला होता. चिमणी धोकादायक झालीय, उद्या कुणाच्या डोक्यावर वीट पडली तर आपण जबाबदार, हेही त्याचं खरं होतं. त्यानं भाऊबंदांना जेवायला बोलावलं. सगळ्यांनी मिळून आईला पटवायचं, असा बेत.

सकाळीच काकू वर आल्या. माझ्या खोलीपर्यंत त्या कधी यायच्या नाहीत. "दुपारी खाली ये," म्हणाल्या. "तिकडून सगळे त्यांचेच असणार. माझ्याकडचं एक माणूस पायजे."

हॉलमध्ये दादाच्या चुलत्यांपासून सगळे बसले होते. सोफ्याच्या टोकाला काकूंची थोरली जाऊ, काठी मांडीवर घेऊन. दादानं फार समजुतीनं सुरुवात केली.

"आई, तुला नाही म्हणायचं तर म्हण. पण खरं कारण सांग. घार सांगू नको, ग्रह सांगू नको."

काकूंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं. "तुमी मला वचनात बांधून सुटलात," फोटोला म्हणाल्या, "मला आता न्हाई सुटत." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सायकल, चिखल, शिरूरचे खोटे मामा, सगळं. सांगता सांगता त्यांचं मावळी बोलणं गळून पडलं आणि अख्खा हॉल धारूरच्या बोलीत ऐकू लागला. "तुम्ही ज्याला पडीक जागा म्हणू लालाव ते माझं माहेर हाय. आता मला घराबाहेर काढायचं तर काढा."

दादाचं तोंड उघडं राहिलं होतं. सुनेनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मी काकूंचा हात धरला.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "झालं का तुझं?"

"झालं."

"अगं बया, ते साऱ्या गावाला म्हाईत हाय."

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "काय?"

"शिरूरकडची म्हनं! शिरूरकडच्या बायका मी काय बघितल्या न्हाईत? लग्नाच्या दुसऱ्या दिशी सासूबाईंनी तुला गवऱ्या लावाय बशिवलं. एक गवरी गोल आली न्हाई. समद्या चौकोनी. कोपरं काढल्याली! सासूबाई मला कानात म्हनल्या, हिचा हात भट्टीवरचा हाय, पर तोंडातनं अक्षर काढू नगं, पोर घाबरल."

एक चुलते गालातल्या गालात हसले. "आम्ही लहान होतो तेव्हा त्या गवऱ्या रचून घर घर खेळायचो, वहिनी."

"मंग मला सांगायचं न्हाई व्हय?" काकू उभ्याच राहिल्या. रागानं त्यांची बोली पुन्हा मावळात आली होती. "एवढं आयुष्य मी जीव मुठीत धरून काढलं! झोपेत काय बोलीन म्हणून तोंडावर पदर घिऊन झोपले!"

"तू झाकीत व्हतीस," जाऊबाई म्हणाल्या, "म्हणून आमी झाकलं. तुला बरं वाटावं म्हणून."

काकू धपकन खाली बसल्या. त्या रडणार की भांडणार हे कुणालाच कळेना. मग दादा उठला. एवढा थोरला गडी आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि विचारलं, "मला मामा आहे?"

जागेचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. खड्ड्याकडची बाजू बिल्डरनं घेतली, तिथं आता टॉवर आहेत. चिमणी वरून अर्धी उतरवावी लागली, ते काकूंनाही पटलं. बोगदा मात्र तसाच आहे, भोवती कुंपण आहे, आणि दादा कुंपणापाशी पानाची पिंक टाकणाऱ्यांच्या अंगावर धावून जातो. जेवणावळीच्या त्या दुपारी मात्र यातलं काही कुणी बोललं नाही. दादाच्या प्रश्नानंतर बिल्डरचा विषयच निघाला नाही.

मामा होता. माझ्या वडिलांनी दोन-चार ठिकाणी फोन करून शोधून काढला. काकूंचा धाकटा भाऊ, त्याच गावात, थोडीफार कोरडवाहू शेती करून राहणारा. संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो: दादा, काकू आणि रस्ता दाखवायला मी. गाडी दादाची, आणि त्यानं सगळे गिअर वापरले. नगरपर्यंत काकू सारख्या बोलत होत्या. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा गप्प झाल्या. पुढं घाट लागला तसं त्यांनी साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा सारख्या करायला घेतल्या. "ओळखायचा न्हाई तो," म्हणाल्या. "का आलीस म्हणंल."

दारात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उभा होता. फोनवर कळवलेलं होतं, तरी तो नुसता बघत राहिला. काकूही अंगणातच थांबल्या. शेवटी घरातून त्याची बायको भाकरतुकडा आणि पाणी घेऊन धावत आली, काकूंवरून ओवाळलं, पायावर पाणी घातलं आणि नवऱ्यावर खेकसली, "बघत कामून थांबलाव? आक्काला आत घ्या की!" मग भाऊ पुढं झाला. त्यानं बहिणीला मिठी मारली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. तिच्या हातातली पिशवी घेतली. फक्त ती घेताना तिचा हातही पिशवीबरोबर धरला आणि तसाच आत घेऊन गेला.

दादाचे तिथं भाचा म्हणून जे लाड झाले ते बघण्यासारखे होते. मामानं त्याला पाटावर बसवून टोपी-उपरणं दिलं आणि वाकून पायाला हात लावला. दादा इतका गडबडला की त्यानंच उठून मामाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथून ते लवकर उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं. माझी शिफ्ट होती, दादाला साइटवर जायचं होतं. गाडी दारात लागली. काकू अंगणात भावजयीच्या शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या, केस मोकळे सोडून, तेल लावून. एवढ्या वर्षांत मी त्यांचे केस मोकळे कधी पाहिले नव्हते.

"आई, चल ना. उशीर होतोय."

"तुमी व्हा पुढं. मी ऱ्हाती."

"राहतेस? बरं. किती दिवस?"

काकूंनी एक शेंग फोडली, दाणे भावजयीच्या हातावर ठेवले आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "माहेरी आलेल्या बाईला असं विचारत नसत्यात."